बाजाराची तारीख

पोलिसात राहून मी उभ्या आयुष्यात एकही चोर पकडला नाही. मी नुसते पोचवले. जेलातून कोर्टात, कोर्टातून जेलात, कधीमधी दवाखान्यात. गार्ड ड्युटी म्हणतात तिला. आरोपीचा हात हातात धरायचा आणि चालायचं. "माहा हात कधी इतका धरला नाही यायनं," असं आमची लीलाबाई अजूनही चारचौघांत सुनावते आणि चारचौघं हसतात. हसू देत बापडे. त्या ड्युटीपायीच मला कोकिळा मेश्राम भेटली, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पेन्शन पचायची नाही.

कापसाची ती वाईट वर्षं. यवतमाळात तेव्हा इतक्या समित्या यायच्या की रेस्ट हाऊसच्या खानसाम्याला दम खायला फुरसत नव्हती. पांढऱ्या गाड्या, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर नव्या कोऱ्या टोप्या. जो तो शेतकऱ्याच्या मनात काय चाललंय ते विचारायला आलेला. त्याच धामधुमीत सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात काही जागा भरल्या, आणि त्यातल्या एकीवर बाभुळगावची कोकिळा समाजसेविका म्हणून लागली. तिला गावोगाव फिरायचं काम होतं, ते ती करायचीच. पण एक दिवस जेलच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मी विचारलं, इकडे कुठे वाट चुकलात बाई? तर म्हणाली, "बाहेरच्याइले सारेच इचारून राह्यले काका. आतल्याइले कोन इचारते?"

नाव कोकिळा, आवाज मात्र फुटक्या ताशासारखा. ठेंगणी, काखेत मोठी पिशवी, चाल अशी की मागच्या माणसाला धाप लागावी. दुसऱ्या भेटीतच आमचं भांडण.

"जय भीम काका. उद्या बराकीतल्या त्या तिघा बिमाराइले दवाखान्यात आनसान ना?"

"गार्ड नाही."

"मंग तुमी कोन हाय?"

"मी चहा पिऊन राह्यलो."

"प्या ना. चहा पेल्यावर आना."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, मला राग पटकन येतो. पण राग येऊन करणार काय? बाई बरोबर बोलत होती.

गुंता असा होता. जेलात एखादा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोपेना, भिंतीशी भांडू लागला, की त्याचा डॉक्टर दवाखान्यात, त्याचा न्याय कोर्टात आणि तो स्वतः बराकीत. तिघांची गाठ पडायची तर त्याला कोणीतरी उचलून न्यायला हवं. कोर्ट म्हणे डॉक्टरचा अहवाल आणा. डॉक्टर म्हणे माणूस आणा. जेलर म्हणे गार्ड आणा. आणि गार्ड? गार्ड कापूस बघायला आलेल्या मंत्र्याच्या बंदोबस्ताला. एवढं सगळं जमून माणूस गोळ्यांनी सुधारलाच, तरी त्याला घरी न्यायला कोर्टात कोणी उभं राहायचं नाही. मग पुढची तारीख. असे कितीतरी चांगले झालेले लोक आत बसून पुन्हा बिघडलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पण ते सांगायचं कोणाला?

कोकिळेचा बाप धर्मपाल मेश्राम एसटीत कंट्रोलर होता. बाभुळगावच्या स्टँडवर खिडकीत बसून त्यानं जन्म काढला. पोरगी शाळा सुटली की त्याच्यापाशीच. तो तिला सांगायचा, "गाडी रिकामी गेली तं पॅसेंजरले शिव्या देऊ नोको. टाइम कोनं लावला थे पाह्य." बाईनं हे एवढंच वाक्य घेऊन आमच्या सगळ्या खात्यांना कामाला लावलं.

दारव्ह्याच्या तालुका कोर्टासमोर एक चहाची टपरी आहे. तिथे बसून तिनं आरोपींच्या घरच्यांना विचारलं, की बाबा, तुम्ही तारखेला येत का नाही? कोणी म्हणालं मजुरी बुडते. कोणी म्हणालं, जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि एका माणसानं ती भरत नाही. बाजाराच्या दिवशी मात्र अख्खं गाव जीपला लटकून दारव्ह्यात येतं. झालं. बाईनं ठरवलं, तारीख बाजाराच्या दिवशीच पाहिजे. डॉक्टरला पटवलं. आमच्या ड्युटी लावणाऱ्या साहेबाला पटवलं, की एकाच दिवशी साऱ्यांच्या तारखा आल्या तर एका गाडीत चौघं जातात, तुमचंच डिझेल वाचतं. राहिले जज साहेब. ते कडक माणूस. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, कोर्ट काय बाजारावर चालतं?"

"नाही साहेब, कोर्ट कायद्यावर चालते," बाई म्हणाली. "पन जीप बाजारावर चालते."

जज साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. पुढच्या महिन्यापासून आमच्या असल्या तारखा बाजाराच्या दिवशी पडायला लागल्या.

मग त्या टपरीची कळाच बदलली. सुटून गेलेली माणसं बाजाराला आली की आधी तिथे यायची. गोळ्यांचं रिकामं पाकीट दाखवायचं, मगच भरलेलं मिळायचं. पाकिटात गोळ्या उरल्या असतील तर त्या ताशाचा आवाज पार भाजीबाजारापर्यंत जायचा. कोणी मिरची, कोणी गूळ, कोणी गोळ्या, सगळं एकाच थैलीत घालून माणसं संध्याकाळच्या जीपनं घरी. मला तो बाजार बघायला फार आवडायचा. हळूहळू मी ती ड्युटी मागून घ्यायला लागलो, हे साहेबाला अजून ठाऊक नसेल.

आता पूनमसिंगचं सांगतो. दारव्ह्यापासून दोन-अडीच कोसांवरच्या तांड्यावरचा बंजारा गडी, अंगानं उभा, बोलायला गोड. त्या हंगामात कापसाच्या संकलन केंद्रावर बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग रस्त्यापर्यंत लागलेली. पूनमसिंग आठवडाभर झोपला नव्हता. भूक नाही, तहान नाही, डोक्यात नुसतं चाक फिरत होतं. रांगेत बसल्या बसल्या त्याला खात्री पटली, की सरकारनं आपल्यालाच मोठा ग्रेडर नेमलं आहे. तो उठला, खऱ्या ग्रेडरच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि एकेक बंडी बोलावून सगळ्यांचा कापूस पहिल्या दर्जाचा ठरवायला लागला. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? त्या वर्षात तसा ग्रेडर कोणी पाहिला नव्हता. पण उठवायला गेले तेव्हा त्यानं खुर्ची फेकली आणि चौकीदाराचा हात मोडला. सरकारी कामात अडथळा, मारहाण. गडी आत.

जेलात त्याला उपचार मिळाले आणि काही महिन्यांत तो माणसात आला. चौकीदाराची आठवण निघाली की मान खाली घालायचा. जज साहेबांनी जामीन मंजूर केला, पण अट घातली. तांड्यावरच्या कोणीतरी जामीन राहावं, आणि बायकोनं कोर्टात येऊन सांगावं, की मी याला घरी नेते, गोळ्या देते. नाहीतर नागपूरच्या मनोरुग्णालयात रवानगी. नागपूर काही वाईट नाही. पण तांड्यावरून तिथे भेटायला जाणार कोण, आणि न भेटलेला माणूस कोणाच्या ध्यानात राहणार?

तांड्याचे नाईक, म्हणजे तिथले प्रमुख, जामीन राहायला तयार होते. अडलं होतं हंसाबाईपाशी, त्याच्या बायकोपाशी. ती एकाही तारखेला आली नव्हती.

कोकिळाबाई जीपला लटकून तांड्यावर जायची, येऊन जेलात पूनमसिंगला खुशाली सांगायची. आणि हा पठ्ठ्या दर खेपेला एकच विचारायचा, "माहे बैल कसे हाय?" बैलांची नावं मोत्या आणि धवल्या. मोत्याचं खूर बरं झालं का, धवल्या पाणी पितो का, चारते कोण. बाईनं एकदा हे तांड्यावर सांगितलं, तर हंसाबाई कडाडली. "बैलाचं इचारते! मी मेली का जिती, थे इचारत नाही. त्याले म्हना, बैलासंगंच संसार कर."

पुढच्या भेटीत कोकिळाबाईनं त्याला माझ्यासमोर झापला. "काहून रे, बायको नाही का तुले? तिचं इचाराले जीभ झडते?"

पूनमसिंग म्हणाला, "बैलाचं इचारलं तं जवाब येते बाई. तिचं इचारलं अन् तिनं मले सोडलं असं तुमी सांगतलं, तं मी काय करू?"

बाई पिशवीत उगीच काहीतरी शोधायला लागली. मग म्हणाली, "हे मी नाही सांगनार तिले. मी काही टपाल नाही. तिच्यापुढं उभा राह्यशीन तवा तूच बोल."

जज साहेबांनी शेवटची तारीख दिली. या खेपेला बायको आली नाही, तर नागपूर. कोकिळाबाई तांड्यावर गेली, दोन तास हंसाबाईच्या दारात बसली. खेड्यात आकड्यातली तारीख कोणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून तिनं आपल्या रिवाजाप्रमाणे सांगितलं, "पोळ्याच्या हप्त्यात जो बाजार येईन, त्या दिसी ये." हंसाबाई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

आणि इथेच घोटाळा झाला. त्या वर्षी बाजाराचा वार नेमका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला, म्हणजे कराच्या दिवशी. कराला कोणी गावाबाहेर पडत नाही. म्हणून दारव्हेकरांनी बाजार अलीकडे ओढला, पोळ्याच्या आदल्या दिवसावर. झुली, गोंडे, बेगड घ्यायलाही तोच दिवस सोयीचा. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कोर्टाला कोण सांगणार? कोर्टाची तारीख कराच्याच दिवशी राहिली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी दुसऱ्याच एका आरोपीला घेऊन दारव्ह्याला गेलो होतो. पाहतो तर कोर्टाच्या फाटकाशी नाईक, आणि शेजारी आरशांची कांचळी, म्हणजे चोळी, घातलेली, हातात बैलांच्या गोंड्यांची पुडी घेतलेली एक तरतरीत बाई, बाजार म्हणून आजच आलेली हंसाबाई. टपरीवर रिकामी पाकिटं घेऊन आठ-दहा माणसं बसलेली, सगळी विचारतायत, मॅडम कुठी हाय? मॅडम यवतमाळात, परवाची तयारी करत. मी मोबाइलवरून फोन लावला. मिळेल त्या एसटीनं ती आली. उतरल्या उतरल्या कपाळावर हात मारून घेतला.

"कंट्रोलरची पोरगी मी," म्हणाली, "अन् माहीच गाडी चुकली."

पाकीटवाल्यांना गोळ्या देऊन ती हंसाबाईपुढे उभी राहिली. चूक माही, म्हणाली. परवा या, हात जोडतो. (आमच्या भागात बाया अशाच बोलतात, चुकलं म्हणू नका.) त्या दिवसानंतर बाई पंचांग बघितल्याशिवाय कोणालाही तारीख सांगत नाही, पण तेव्हा पंचांग काय कामाचं?

हंसाबाई म्हणाली, "कराच्या दिसी जीप नाही. बैलाच्या खांद्यावर आमी जू ठेवत नाही. पायी येऊ? कोनासाठी? जो मले इचारत नाही त्याच्यासाठी?"

"तो इचारन."

"तुमाले बोलला?"

कोकिळाबाई पेचात पडली. तिला सगळं ठाऊक होतं, एका वाक्यात काम झालं असतं. पण तिनं ते वाक्य दाबलं. "माह्या तोंडून आयकून काय करशीन? त्याच्या तोंडून आयक. पन त्यासाठी याव लागते."

हंसाबाई जीपकडे निघून गेली. नाईकांनी जाता जाता मान हलवली, म्हणजे काही खरं नाही.

कराच्या दिवशी मी पूनमसिंगला घेऊन निघालो. व्हॅनमध्ये तो दाढी करून, भांग पाडून बसलेला. वाटेत गावंच्या गावं सुस्त, दारांवर तोरणं, रस्त्यावर एक जीप नाही. प्रत्येक रिकामा थांबा मी मनात मोजत होतो. कोर्टात त्याचं नाव पुकारलं. तांड्याचं कोणी नाही. जज साहेब म्हणाले, जेवणाच्या सुट्टीनंतर आदेश देतो. कसला आदेश, ते सगळ्यांना कळलं.

मी त्याला निंबाखाली घेऊन उभा राहिलो. कोकिळाबाई फाटकात. टपरीवाल्यानं चहा नेऊन दिला तो तिच्या हातातच गार झाला. मला जगाचाच राग आला होता. बाजार पुढे-मागे करणाऱ्यांचा, कोर्टाचा, पोळ्याचा, आणि खरं सांगायचं तर त्या हंसाबाईचाही.

आणि घुंगरं वाजली.

रस्त्याच्या वळणावरून दोन बैल आले. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात गोंडे. खांद्यावर जू नाही, मागे बंडी नाही. दोघांचे दोर हातात धरून हंसाबाई चालत येत होती, धुळीनं पिंढऱ्यांपर्यंत माखलेली. तिच्या मागे नाईक लुनावर, बैलांच्या चालीनं, दोन्ही पाय जमिनीला घासत. मागे बसवून आणायला ते तयार होते, पण बाई बैल सोडून यायला तयार नव्हती.

"बैल कायले आनले व?" कोकिळाबाईनं विचारलं.

"पाहाले," हंसाबाई म्हणाली. "याचं डोकं फिरलं, तवा आमाले मालूम नोतं. बैलाइले मालूम झालतं. आठ दिवस जवळ येऊ देत नोते त्याले, दावं तोडत. डॉक्टरचा कागद मले वाचता येत नाही. हे दोघं आज त्याले जवळ येऊ देतीन, तं मी घरी नेईन. नाही तं नागपूर."

नाईकांनी मान डोलावली. कोकिळाबाईनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरचा अहवाल तिच्या पिशवीत होता, आणि एका माणसाचं घर त्या दोन जनावरांच्या लहरीवर टांगलेलं. अडीच कोस चालून दमलेले बैल, त्यात समोर पोलीस. खाकीला बैल बुजतात, हे मी बंदोबस्तात कितीदा पाहिलंय. माझ्यामुळे बुजले तर खापर फुटायचं त्याच्या माथी. मी टोपी काढून काखेत घातली. हात काही सोडता येत नव्हता, नोकरीचा प्रश्न. तसेच हातात हात धरून आम्ही दोघं निंबाखालून निघालो.

मोत्यानं मान वर केली आणि तो हंबरला. पूनमसिंगनं माझा हात पुढे ओढला. मला वाटलं, आता हा धावत जाऊन बैलाच्या गळ्यात पडणार. मनातल्या मनात मी म्हटलं, हळू बाबा, हळू जा.

त्यानं बैलाकडे पाहिलंच नाही. तो तिच्यापुढे थांबला. तिच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"हंसा," म्हणाला, "पायी आली? काही खाल्लं का तू?"

हंसाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं ओढणी तोंडावर ओढली आणि आतून म्हणाली, "नाही. बैलाइनं खाल्लं."

पुढचं मला नीट दिसलं नाही. धूळ गेली असेल डोळ्यात. हंसाबाईनं दोन्ही दोर माझ्या मोकळ्या हातात कोंबले आणि कोकिळाबाईला म्हणाली, "चाल व बाई. अंगठा कुठी लावाचा, थे दाखव."

अशा रीतीनं एका हातात आरोपी आणि एका हातात बैलजोडी धरून मी कोर्टाच्या आवारात उभा राहिलो. सबंध नोकरीत असा गार्ड मी एकदाच दिला. मोत्या पुढे आला आणि पूनमसिंगची बाही चाटायला लागला, धवल्यानं त्याच्या छातीला कपाळ लावलं. बैल पास झाले, पण ते बघायला हंसाबाई तिथे नव्हती. ती आत जज साहेबांना सांगत होती, की सकाळची गोळी चारा टाकताना देईन आणि रात्रीची दावं बांधताना, म्हणजे भुलायची भीती नाही. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून खिडकीतून बैल पाहिले, आणि आदेशावर सही केली.

पण कायदा तो कायदा. सुटकेचा हुकूम जेलात पोचल्याशिवाय सोडता येत नाही, म्हणून पूनमसिंगला त्या दिवशी माझ्याबरोबर परत यावं लागलं. व्हॅनपाशी हंसाबाईनं विचारलं, "कवा सोडान?"

कोकिळाबाईनं तोंड उघडलं, जीभ चावली, आणि म्हणाली, "उद्या. बाजारबिजार काही नाही. उद्या."

"मंग बैल घरी बांधून नाइकासंगं येतो," हंसाबाई म्हणाली.

मी दार लावलं. गाडी सुरू झाली. तेव्हा कुठे पूनमसिंगनं जाळीला तोंड लावून, भीत भीत विचारलं, "हंसा, अन् मोत्याचं खूर?"

हंसाबाईनं मोत्याच्या पाठीवर थाप मारली. ओढणी मागे सरकली होती आणि ती हसत होती.

"आता इचार," ती म्हणाली. "आता कितीबी इचार."